बोरिवलीचा बिबट्या, पंजाबी अस्वल आणि चाळीस पात्रांचा तक्ता

नेट-सेट झालं, पेट परीक्षेची तयारी चाललीय आणि आता दोन पानांचं प्रपोजल लिहायचंय, अशा अवस्थेतल्या बऱ्याच जणांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. त्यात एक विषय हमखास असतो: ॲनिमेशनपटांमधला वंशभेद. विषय चांगला आहे, पण उदाहरणं प्रत्येक वेळी तीच. ‘डंबो’तले कावळे, ‘अलादीन’मधले अरब, ‘लायन किंग’मधले तरस आणि शेवटी ‘झूटोपिया’. मुलाखतीला बसलेल्या समितीने हे चारही आधी ऐकलेले असतात. त्यांचा पुढचा प्रश्न असा येतो, ‘बरं, पण हे तुम्ही अंधेरीत बसून का करताय?’ इथे बहुतेकांची बोलती बंद होते.

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि चांगलं आहे. आज तेच जरा सविस्तर मांडते. माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रात झालं आणि पीएच.डी. लोकप्रिय माध्यमांतल्या प्राण्यांवर चालू आहे. त्यामुळे मधेमधे तरस आणि बिबटे येतील, ते सांभाळून घ्या.

आधी शब्दाचं बघू. ‘ॲलेगरी’ला आपल्याकडे रूपककथा म्हणतात. पण त्याहून नेमका शब्द आपल्या साहित्यशास्त्रात आहे: अन्योक्ती. बोलायचं एकाबद्दल, लागू करायचं दुसऱ्याला. घरगुती भाषेत, लेकी बोले सुने लागे. या म्हणीत संशोधनाचा अख्खा प्रश्न बसलाय. लेक कोण, सून कोण, आणि बोलणाऱ्या सासूला दोघींचं नातं जसं वाटतं तसं ते खरंच आहे का? चित्रपटात लेक म्हणजे पडद्यावरचा प्राणी आणि सून म्हणजे समाजातला गट. तुमचं काम नुसतं ‘हा प्राणी म्हणजे तो गट’ एवढं ओळखण्याचं नाही. तेवढं तर प्रेक्षकही ओळखतात. प्राण्याबरोबर आणखी काय काय त्या गटाच्या अंगावर येऊन पडतं, हे तपासायचं असतं.

अमेरिकी उदाहरणं पटकन उरकते. १९४१च्या ‘डंबो’मध्ये कावळ्यांची एक टोळी आहे, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ढंगात बोलणारी. त्यांच्या म्होरक्याला स्टुडिओत ‘जिम क्रो’ म्हणत, म्हणजे तिकडच्या वर्णभेदी कायद्यांना जे नाव पडलं होतं तेच. त्याला आवाज होता क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाचा. १९९२च्या ‘अलादीन’मधल्या सुरुवातीच्या गाण्यातली एक ओळ अरब-अमेरिकन संघटनेच्या निषेधानंतर १९९३मध्ये बदलावी लागली. २०२०मध्ये डिस्नेच्या वाहिनीवर अशा काही जुन्या चित्रपटांआधी सूचना दिसत असे. हे सगळं नोंदलेलं आहे, तुम्ही नव्याने सांगायची गरज नाही.

तरसांजवळ मात्र मी थांबणार आहे. ‘लायन किंग’ १९९४चा. तरस दरिद्री, टोळीने राहणारे, उजाड भागात ढकललेले, आणि त्यांच्या दोन प्रमुख आवाजांपैकी एक व्हूपी गोल्डबर्ग यांचा, दुसरा चीच मरीन यांचा. एक कृष्णवर्णीय, एक मेक्सिकन वंशाचा. टीकाकारांनी हे तेव्हाच दाखवून दिलं. पण मुफासाचा आवाजही जेम्स अर्ल जोन्स या कृष्णवर्णीय नटाचाच आहे, म्हणजे ‘कृष्णवर्णीय आवाज बरोबर खलपात्र’ असं सरळ समीकरण बसत नाही. फरक आवाजाच्या मालकाचा नसून बोलीचा आहे. मुफासा प्रतिष्ठित इंग्रजी बोलतो, तरस रस्त्यावरची. ही बारीक गोष्ट प्रपोजलमध्ये लिहिलीत तर समिती मान वर करून बघेल.

आणि प्राणिशास्त्राचं काय? हान्स क्रुक यांनी १९७२च्या पुस्तकात दाखवलं होतं की ठिपकेदार तरस आपलं बरंचसं अन्न स्वतः शिकार करून मिळवतात, आणि गोरोंगोरोसारख्या ठिकाणी कित्येकदा सिंहच त्यांची शिकार हिसकावतात. म्हणजे ‘आयतोबा तरस’ ही प्रतिमा प्राण्याबद्दलही खोटी. आधी प्राण्यावर शिक्का, मग तो प्राणी घेऊन माणसावर शिक्का. अन्योक्ती अशी दुहेरी चालते.

आता ‘झूटोपिया’. २०१६चा हा चित्रपट पूर्वग्रहाच्या विरोधात आहे, उघडपणे. शहरात भक्षक आणि भक्ष्य एकत्र राहतात, भक्षक संख्येने दहात एक. काही भक्षक अचानक हिंस्र होतात, ससीण पोलीस पत्रकार परिषदेत बोलून बसते की हे त्यांच्या रक्तातच असावं, आणि शहर भक्षकांकडे संशयाने बघायला लागतं. शेवटी कळतं की मेंढी असलेली उपमहापौर विषारी फुलांचा अर्क वापरून हे घडवून आणत होती. कोल्हा निक याच्या तोंडाला लहानपणी इतर मुलांनी मुसकं बांधलेलं असतं, तो प्रसंग बघताना थिएटरात शांतता पसरते.

टीका काय झाली? ती अशी, की या जगात भक्षकांच्या पूर्वजांनी खरोखरच भक्ष्यांना खाल्लेलं आहे. म्हणजे भीतीला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दलच्या भीतीला असा कुठलाच आधार नव्हता, उलट अत्याचार दुसऱ्या बाजूने झाले. रूपक सद्हेतूने वापरलं तरी ते मागच्या दाराने ‘काहीतरी असेलच की’ हे आत आणतं.

आता हाच युक्तिवाद घेऊन महाराष्ट्रात या. जन्मानेच धोकादायक ठरवलेले, नोंदणी केलेले, पाळतीखाली ठेवलेले समूह आपल्याकडे कल्पनेत नव्हे, कायद्यात होते. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. १९११च्या सुधारित कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता आला. पारध्यांसारख्या कितीतरी जमातींच्या माणसांना पोलिसांकडे नोंदणी आणि हजेरी लावावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. तो दिवस भटके-विमुक्त समाज विमुक्त दिन म्हणून पाळतो. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९८८मध्ये. पुस्तकाच्या नावातच तो शिक्का आहे.

आणि पारधी हा शब्दच शिकारीवरून आलेला. भक्षक! मला तरी असं वाटतं, की ‘झूटोपिया’ महाराष्ट्रात बघताना ‘वंशभेद’ या आयात शब्दापेक्षा ‘जन्मजात गुन्हेगार’ ही आपल्या कायद्यातली कल्पना जास्त जवळची आहे. ‘अंधेरीत बसून का?’ याचं हे पहिलं उत्तर. रूपक प्रवास करतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याची सून बदलते. इथली सून कोण, हे इथे बसलेल्या माणसाला जास्त चांगलं दिसतं.

दुसरं उत्तर बोरिवलीचं आहे.

‘दिल्ली सफारी’ तुमच्यापैकी काहींनी लहानपणी पाहिला असेल. दिग्दर्शक निखिल अडवाणी, ॲनिमेशन पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचं, प्रदर्शन १९ ऑक्टोबर २०१२. साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट. गोष्ट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली, म्हणजे आपल्या नॅशनल पार्कातली. बिल्डरचे बुलडोझर जंगलात घुसतात, बिबट्याच्या पिल्लाचा बाप मारला जातो, आणि पिल्लू युवी, त्याची आई बेगम, माकड बजरंगी, अस्वल बग्गा हे सगळे दिल्लीला संसदेत दाद मागायला निघतात. बरोबर घेतात ॲलेक्स नावाचा पोपट, कारण माणसांची भाषा तेवढी त्यालाच येते. तो माणसाच्या घरात वाढलेला.

मुलांसाठी गोष्ट छान आहे. संशोधकाने मात्र इथे वही उघडावी.

पहिली नोंद नावांची. बिबट्या कुटुंब: सुलतान, बेगम, युवराज. माकड: बजरंगी. अस्वल: बग्गा. पोपट: ॲलेक्स. चार प्रकारचे प्राणी आणि चार वेगवेगळ्या समाजांच्या खुणा. हे योगायोगाने होत नाही, कुणीतरी टेबलाभोवती बसून ठरवतं. विविधतेतून एकता, हा आपल्या ॲनिमेशनचा जुना धडा आहे. विजया मुळे यांचा १९७४चा ‘एक अनेक और एकता’ आठवा, फिल्म्स डिव्हिजनचा, भीमसेन यांच्या ॲनिमेशनचा. पक्षी मिळून जाळं उचलतात, उंदीर ते कुरतडतात. पण त्यात पक्षी साधारण एकसारखेच आहेत, कुठल्याही पक्ष्यावर कुठल्या समाजाचं लेबल नाही. ‘दिल्ली सफारी’त लेबल आहे. मग प्रश्न येतो: लेबलाबरोबर स्वभावही येतो का? आक्रमक कोण, आळशी कोण, शहाणा कोण, लबाड कोण? याचं उत्तर मी देत नाही. चित्रपट लावा आणि स्वतः नोंदवा. का, ते पुढे कळेल.

दुसरी नोंद पोपटाची. जंगलातल्यांचं म्हणणं सत्तेपर्यंत न्यायचं तर मालकाच्या घरात वाढलेला, मालकाची भाषा बोलणारा मध्यस्थ लागतो. ज्याने सरकारी कार्यालयात कुणाचा तरी अर्ज भरून दिलाय त्याला हा पोपट लगेच ओळखू येईल. माझ्या मते चित्रपटातली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे.

तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पडद्याबाहेर आहे. या जंगलातून खरोखर कोण हटवलं गेलं? मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७च्या आदेशानंतर उद्यानाच्या हद्दीतल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र ठरलेल्यांचं पुनर्वसन चांदिवलीत सुरू झालं. आणि नवापाडा, रावणपाडा यांसारख्या पाड्यांमध्ये वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आलीत. ती ‘अतिक्रमण’ की ‘मूळ रहिवासी’, हा वाद अजून संपलेला नाही. म्हणजे बुलडोझर खरे होते, घरं खरी होती, दाद मागणंही खरं होतं. रूपकाने हे सगळं उचललं आणि बिबट्याच्या तोंडी दिलं. विस्थापिताचं दुःख प्रेक्षकांपर्यंत पोचलं, पण विस्थापित माणूस तिकीटबारीच्या बाहेरच राहिला. हे चांगलं की वाईट? दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. ‘माणूस दाखवला असता तर मुलं रडली असती का?’ असंही कुणी म्हणेल. प्रपोजलमध्ये बाजू घ्यायची घाई करू नका. रूपकाने काय आत घेतलं आणि काय बाहेर ठेवलं, हे दोन रकान्यांत मांडा. बाहेरचा रकाना भरायला चित्रपट पुरत नाही, न्यायालयाचे आदेश आणि जुनी वर्तमानपत्रं लागतात. लोक नेमकं हेच टाळतात.

आणि बिबट्या स्वतः? त्याच्याबद्दलची आपली भाषा ऐका. ‘मानवी वस्तीत शिरला’, ‘धुमाकूळ घातला’, ‘जेरबंद’. बातमी बिबट्याची, शब्द घुसखोराचे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात २०१५च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात ३५ बिबटे मोजले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर भागातल्या स्थलांतरित बिबट्यांवर २०११मध्ये जो शोधनिबंध लिहिला त्याचा निष्कर्ष असा, की पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी झाले नाहीत, उलट सोडलेल्या भागांत वाढले. परका ठरवून हाकलणं हा उपाय प्राण्यांच्या बाबतीतही फसला. वारली मात्र वाघोबाला देव मानून त्याच्या शेजारी राहिले. तुमच्या चित्रपटात बिबट्या शेजारी आहे की घुसखोर, हा एक सुंदर मोजता येणारा प्रश्न आहे.

आता मोजण्याकडे येते, कारण विज्ञान शाखेतून आलेल्यांना इथे फायदा आहे आणि ते तो घेत नाहीत. कला शाखेतली मुलं वाचन खोल करतात, आपण निदान तक्ता तरी नीट करू या.

या विषयातला आदर्श अभ्यास रोझिना लिप्पी-ग्रीन या भाषाशास्त्रज्ञ बाईंचा आहे, १९९७च्या पुस्तकातला. त्यांनी डिस्नेचे २४ ॲनिमेशनपट आणि त्यातली ३७१ पात्रं घेतली. प्रत्येक पात्र कसं इंग्रजी बोलतं आणि ते चांगलं की वाईट, एवढंच नोंदवलं. अमेरिकी इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी साधारण २० टक्के पात्रं वाईट निघाली. परदेशी ढंगाचं इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्के. एका वाक्यात सांगता येणारा निष्कर्ष, आणि मागे ३७१ ओळींचा तक्ता.

आता गंमत बघा. हेच चित्रपट हिंदीत येतात तेव्हा ते ढंग जातात कुठे? हिंदी डबिंगचा मोठा कारभार अंधेरी-गोरेगाव पट्ट्यातल्या स्टुडिओंमध्ये चालतो. तिथे कुणीतरी ठरवतं की हे पात्र कुठली हिंदी बोलणार. २०१६च्या ‘जंगल बुक’मध्ये बिल मरी यांचा बल्लू हिंदीत इरफान खान यांच्या आवाजात आला आणि पंजाबी ढंगात बोलला. शेरखान होते नाना पाटेकर, जे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या मालिकेतही शेरखानच होते. (हा चित्रपट काटेकोरपणे ॲनिमेशनपट म्हणायचा का यावर वाद घालू शकता, प्राणी सगळे संगणकावरचे आहेत.) इकडे ‘दिल्ली सफारी’तलं अस्वल बग्गा. दोन्ही अस्वलं पंजाबीच का? अवाढव्य, खादाड, दिलखुलास, जरा आळशी: हे अस्वलाचं वर्णन की पंजाब्यांबद्दलचा मुंबईतला विनोद? अमेरिकी वंशभेदाचं रूपक अंधेरीत येऊन प्रांतभेदाचं होतं, की विरघळून जातं? लिप्पी-ग्रीन यांच्या पद्धतीने मूळ आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्यांचा तक्ता केलात तर नवं काहीतरी हाती लागेल. आणि यासाठी तुम्ही योग्य ठिकाणी राहताय. मालाडच्या माणसाला बंबैया, भोजपुरी वळणाची, गुजराती वळणाची आणि दक्षिणी वळणाची हिंदी वेगळी ओळखू येते, हे बाहेरच्या संशोधकाला वर्षभर शिकावं लागेल.

पण ओळखू येतं म्हणजे नोंद विश्वासार्ह झाली असं नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात, एकमेकांचं न बघता कोडिंग करणारी. समजा तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने ४० पात्रं घेतली. प्रश्न एकच: पात्र खल आहे का? तुम्ही १० वेळा हो म्हणालात, ती १२ वेळा. दोघांचं ‘हो’ जुळलं ८ पात्रांवर, ‘नाही’ जुळलं २६ वर. एकूण ३४ ठिकाणी एकमत, म्हणजे ८५ टक्के. ऐकायला भारी वाटतं. पण बहुतेक पात्रं खल नसतातच, त्यामुळे डोळे मिटून उत्तरं दिली तरी बरंच एकमत होईल. किती? दोघांचं योगायोगाने ‘हो’ जुळण्याची शक्यता ०.२५ गुणिले ०.३०, म्हणजे ०.०७५. ‘नाही’ जुळण्याची ०.७५ गुणिले ०.७०, म्हणजे ०.५२५. बेरीज ०.६०. म्हणजे ६० टक्के एकमत फुकटचं. जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये दिलेला कप्पा हे फुकटचं वजा करतो: ०.८५ वजा ०.६०, भागिले १ वजा ०.६०. उत्तर ०.६२५. प्रचलित पट्टीवर हे ठीकठाक चांगलं, पण ८५ टक्क्यांचा थाट उतरतो. प्रपोजलमध्ये ‘कोडरांमधलं एकमत कप्प्याने तपासू’ ही एक ओळ असली तरी व्हायवाचा सूर बदलतो. आणि ज्या ६ पात्रांवर मतभेद झाला ती फेकू नका. बहुतेक वेळा सगळ्यात रोचक पात्रं तीच असतात.

म्हणूनच वर ‘दिल्ली सफारी’च्या स्वभावांबद्दल मी गप्प बसले. माझं मत ऐकल्यावर तुमचं कोडिंग स्वतंत्र राहिलं नसतं.

त्वचेच्या रंगाचा मुद्दा आपल्याकडे टाळताच येत नाही. मुंबईतच १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ घ्या. राधिका परमेश्वरन आणि कविता कार्डोझा यांनी २००९मध्ये तिच्यातल्या रंगांवर लिहिलंय: नायक-नायिका उजळ आणि राक्षस, दुष्ट, खालच्या पायरीवरचे लोक काळपट, असा कल त्यांना दिसला. टीव्हीवरून २०१२मध्ये मोठ्या पडद्यावर आलेल्या ‘छोटा भीम’मधल्या दांडगटाचं नाव कालिया. नुसतं नाव वाचा. आणि हे सगळं कुठे, तर ज्या भाषेत ‘सावळा’ हा देवासाठी लाडाचा शब्द आहे तिथे. पंढरपूरला सावळा चालतो, वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर चालत नाही, तिथे गव्हाळ किंवा निमगोरा लिहितात. चकाल्यात मुख्यालय असलेल्या कंपनीने २०२०मध्ये आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढलं, हेही याच गोष्टीतलं एक पान.

पण ‘गव्हाळ’ हा कोडिंगचा शब्द नाही. तुमचा गव्हाळ माझा सावळा असेल. इथे मोजा. इमेज-जे नावाचं फुकट सॉफ्टवेअर तुम्ही एम.एस्सी.ला पेशी मोजायला वापरलं असेल, त्यातच चित्राची चौकट टाका, रंग ‘लॅब’ पद्धतीत बदला आणि गालाच्या भागाची उजळता वाचा. मूळ पट्टी ० ते १००, शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. एक सापळा आहे: खलनायक बहुधा गुहेत, रात्री, मशालीच्या उजेडात दिसतो. त्याची त्वचा काळी मोजली गेली ती रंगामुळे की प्रकाशामुळे? म्हणून प्रत्येक पात्राच्या दिवसाउजेडीच्या निदान तीन चौकटी घ्या, आणि ज्याला दिवसाची एकही चौकट मिळाली नाही त्याची वेगळी यादी करा. कुणाला सूर्यप्रकाशच दिलेला नाही, हा स्वतंत्र निष्कर्ष आहे.

आता शेवटचा खड्डा, ज्यात सगळ्यात जास्त प्रपोजल पडतात. तुम्ही दाखवलंत की राक्षस काळे आहेत. लगेच पुढचं वाक्य येतं, ‘यामुळे मुलांच्या मनात रंगभेद रुजतो.’ थांबा. पहिलं वाक्य चित्रपटाबद्दल आहे, दुसरं मुलांबद्दल. पहिल्याच्या पुराव्याने दुसरं सिद्ध होत नाही. माझी मुलुंडची सहा वर्षांची भाची परवा राक्षस रंगवत होती. खडूच्या पेटीतला तो फिकट गुलाबी खडू, ज्याला सगळी मुलं ‘स्किन’ म्हणतात, मी तिच्या हातात दिला, तर म्हणाली, ‘याला स्किन नको मावशी, हा वाईट आहे ना.’ ती स्वतः चांगली सावळी आहे. ते वाक्य मला अजून टोचतंय. तरीही तो डेटा नाही. तिने हे चित्रपटातून घेतलं, शाळेतून, की घरातल्या आत्या-काकूंच्या गप्पांतून, हे मला त्या एका वाक्यावरून कळू शकत नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४०च्या सुमारास बाहुल्या घेऊन ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना ठरावीक क्रमाने ठरावीक प्रश्न विचारले. त्यांचं काम १९५४च्या शाळांमधल्या वर्णभेदाच्या प्रसिद्ध खटल्यात पुढे आलं. टोचणारं वाक्य त्यांनीही ऐकलं असणार, पण न्यायालयात उपयोगी पडली ती पद्धत.

मुलांवर परिणाम बघायचाच असेल तर तो वेगळा प्रकल्प, आणि त्याला वेळ लागतो. संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती, आणि आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सातच्या वरच्या मुलाची स्वतःची तोंडी तयारी, बारानंतर लेखी. शिवाय एक प्रश्न समिती विचारतेच: सावळ्या मुलीला ‘यातली चांगली कोण?’ असं विचारताना तुम्ही तिला काय शिकवून घरी पाठवताय? याचं उत्तर नसेल तर पहिल्या वर्षी चित्रपटांचाच तक्ता करा. चाळीस पात्रं, दोन कोडर, मूळ आणि हिंदी आवृत्ती. रकाने: नाव, प्राणी किंवा माणूस, बोलीचा ढंग, खल की नाही, उजळता, दिवसाच्या चौकटी किती. एका चित्रपटाला साधारण दोन दिवस लागतात. कोडरना आधी दुसऱ्याच एखाद्या चित्रपटावर सराव द्या, आणि ढंग ओळखायला एक कोडर मुंबईबाहेरचा मिळाला तर फार बरं.